वेगवेगळ्या कंपन्यांची जुनी ग्राफिक्स कार्डं एकाच पीसीत लावून चार मॉनिटर चालवलेत का कुणी?

साचेकार (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचं, छोटं वर्कशॉप आहे. वडील आणि दोन कारागीर साचे बनवतात, मी ड्रॉइंग, कॅड आणि कोटेशन बघतो. फौंड्रीवाले पीडीएफ पाठवतात, ती एका स्क्रीनवर उघडी पाहिजे, दुसऱ्यावर कॅड, तिसऱ्यावर कोटेशनचा एक्सेल आणि चौथ्यावर व्हॉट्सॲप आणि मेल, कारण गिऱ्हाईक फोन करून "आत्ता फोटो पाठवलाय बघा" म्हणतंय आणि आपण खिडक्या शोधत बसतोय. सध्या दोनच स्क्रीन आहेत. मागच्या महिन्यात पीडीएफवरचा मशिनिंग अलाउन्स (मशीनवर कापण्यासाठी ठेवायची जादा जाडी) बघून कॅडवर येईपर्यंत ३ चा ५ झाला माझ्याकडून आणि एक कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा साचा) परत करावा लागला. त्या दिवशी ठरवलं, आता सगळं एकदम डोळ्यासमोर पाहिजे.

पीसी असा आहे: आय५-३४७०, बी७५ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०. बोर्डावर दोन लांब स्लॉट आहेत. कार्डं तीन आहेत, जीटी ७३० (डीडीआर३, सध्या हेच लावलंय), चुलतभावाच्या जुन्या पीसीतलं जीटी २१०, आणि एका मित्रानं दिलेलं रेडिऑन एचडी ५४५०. मॉनिटर दोन २२ इंची फुल एचडी, एक १९ इंची, आणि एक जुना चौकोनी १७ इंची, फक्त व्हीजीएवाला.

काल दुसऱ्या स्लॉटात जीटी २१० बसवलं. विंडोज चालू झालं पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये २१० वर पिवळा त्रिकोण. २१० चा ड्रायव्हर शोधून टाकला तर ते चालू झालं आणि ७३० पडलं, दोन्ही मोठे मॉनिटर १०२४ बाय ७६८ वर. परत ७३० चा टाकला की २१० पडतंय. रात्री दीडपर्यंत हाच खेळ. नवीन कार्ड घ्यायच्या आधी विचारतो, हे जमणारं आहे का?

तांबडा_पांढरा (सोमवार, रात्री ९:५२)

चार स्क्रीन! उद्यमनगरातनं रॉकेट सोडणार बघ भावा 😀 मला यातलं कळत नाही पण वाचतोय.

सोल्डर_अण्णा (सोमवार, रात्री १०:३१)

साचेकार, कार्डं चांगली आहेत आणि स्लॉट पण चांगले आहेत. भांडण ड्रायव्हरचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे.

एन्व्हिडियाची कार्डं पिढ्यांनी ओळखायची, नावावरच्या नंबरनं नाही. जीटी २१० ही टेस्ला पिढी. तिचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, डिसेंबर २०१६ चा. त्यापुढं एन्व्हिडियानं त्या पिढीला हात लावला नाही. तुझं ७३० त्याच्या पुढच्या पिढीचं. आता विंडोजात एकाच कंपनीच्या दोन कार्डांना दोन वेगळ्या पिढीचे ड्रायव्हर एकावेळी नीट लावता येत नाहीत, कारण दोन्हींच्या फायलींची नावं तीच. एक टाकला की दुसऱ्याचा जातो. तू रात्री दीडपर्यंत जे बघितलंस ते हेच.

दोघांना सामावून घेणारी शेवटची मालिका ३४०. ती २०१४ ची, विंडोज ७ आणि ८ च्या काळातली. विंडोज १० वर तिच्यामागं लागू नकोस.

पण तुझं तिसरं कार्ड एएमडीचं आहे ना? मग ते ७३० बरोबर लाव. वेगळी कंपनी, वेगळा ड्रायव्हर, वेगळ्या फायली, एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. २१० काढून ठेव.

आणि एक सांग, तुझं ७३० कुठलं? त्या नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्यात. १२८ बिट डीडीआर३ वालं असेल तर आत फर्मी आहे, ९६ कोअर. ६४ बिट वालं असेल तर केप्लर, ३८४ कोअर. जीपीयू-झेड नावाची छोटी फुकट युटिलिटी आहे, उघडलीस की पहिल्याच ओळीत दिसेल.

हडपसरहून (सोमवार, रात्री १०:५८)

मी स्पष्ट सांगतो, वेळ वाया घालवू नका. चार पोर्टचं एकच कार्ड घ्या. ऑफिसांमधून निघालेली एन्व्हिडियाची एनव्हीएस ५१० जुन्या बाजारात मिळतात, चार मिनी डिस्प्लेपोर्ट, सगळं काम ३५ वॉटमध्ये. किंवा थोडं नवं पाहिजे तर क्वाड्रो पी६२०, त्यालाही चारच पोर्ट, ४० वॉट. एक कार्ड, एक ड्रायव्हर, विषय संपला. तुमच्या रात्री दीडपर्यंतच्या वेळेची किंमत धरा ना.

साचेकार (सोमवार, रात्री ११:१५)

अण्णा, जीपीयू-झेड म्हणतंय जीएफ१०८, १२८ बिट. म्हणजे फर्मी ना?

हडपसरहून, पटतंय तुमचं. पण माझ्या चारपैकी एकाही मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट नाही. म्हणजे कार्ड आणि वर चार कन्व्हर्टर, आणि चौकोनी व्हीजीएला तर चिपवालाच कन्व्हर्टर लागणार. आणि कार्डं कपाटात पडलेली आहेत, ती चालतात हे मला माहिती आहे. आमच्या धंद्यात फुटलेला पॅटर्नसुद्धा फेकत नाहीत, त्याचं लाकूड दुसऱ्यात लागतं.

सोल्डर_अण्णा (सोमवार, रात्री ११:२४)

हो फर्मी. त्याचा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८. तोच टाक. विंडोजनं आपल्या मनानं दुसरा टाकू नये म्हणून आधी नेटची वायर काढून ठेव.

अल्बमवाली (मंगळवार, सकाळी ७:०५)

मी राजारामपुरीत लग्नाचे अल्बम डिझाईन करते आणि गेली बरीच वर्षं हेच जोडकाम वापरतेय, एक एन्व्हिडियाचं आणि खाली एचडी ५४५०, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं, चालतं. अगदी व्यवस्थित चालतं. सीझनमध्ये दिवसाला दहा-बारा तास मशीन चालू असतं, कार्डांमुळे कधी बंद पडलेलं नाही.

दुसरं, मुख्य मॉनिटर कुठल्या कार्डावर आहे हे नीट ठरवा. तुमचं जड सॉफ्टवेअर ज्या मॉनिटरवर उघडतं तो ताकदीच्या कार्डावर हवा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तोच मुख्य म्हणून नेमलेला हवा. मी सुरुवातीला उलटं केलं होतं, फोटोशॉप ५४५० वरच्या स्क्रीनवर. झूम केलं की चित्र अडखळत यायचं आणि मी रॅमला दोष देत बसले. मॉनिटरच्या वायरी अदलाबदल केल्या आणि पाच मिनिटांत प्रश्न सुटला. तुमच्या बाबतीत कॅड ७३० वर, पीडीएफ आणि व्हॉट्सॲप ५४५० वर.

तिसरं, दोन कंपन्यांच्या कार्डांवर रंग सारखे दिसतीलच असं नाही. एचडीएमआयवर एक कार्ड पूर्ण रेंज पाठवतं, दुसरं टीव्हीसारखी मर्यादित रेंज पाठवतं, मग काळा रंग राखाडी दिसतो. दोन्हींच्या कंट्रोल पॅनलमध्ये आरजीबी फुल रेंज निवडा. तुम्हाला ड्रॉइंगला फरक पडणार नाही, मला शालूच्या लाल रंगाला पडतो. नवरीच्या आईला तो लाल बरोब्बर लागतो.

पेन्ग्विन_दादा (मंगळवार, सकाळी ८:४०)

लिनक्स टाका, हा ड्रायव्हरचा प्रश्नच राहत नाही. नूव्हो (एन्व्हिडियाच्या कार्डांसाठीचा खुला ड्रायव्हर), रेडिऑन आणि इंटेल तिन्ही ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातच असतात, २१० आणि ७३० दोन्ही नूव्होवर शेजारी शेजारी चालतात. पिढ्यांचं भांडण फक्त कंपनीच्या बंद ड्रायव्हरमध्ये आहे. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही लक्षात घ्या. तुमचा तिसऱ्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही.

साचेकार (मंगळवार, सकाळी ९:१०)

दादा, माझं कॅड विंडोजशिवाय चालत नाही. फौंड्रीवाल्यांच्या फायली त्याच फॉरमॅटमध्ये येतात.

पेन्ग्विन_दादा (मंगळवार, सकाळी ९:१८)

मग राहू दे. कॅडच्या पोटावर पाय नको. नूव्होवर जुनी कार्डं पूर्ण वेगानं पळत नाहीत, हे पण खरं आहे, थ्रीडी फिरवताना जाणवलं असतं. फक्त या मशीनवर बँकेचं काम करू नका एवढं ऐका.

हडपसरहून (मंगळवार, सकाळी ९:३३)

बँकेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. शिवाय फर्मीला सुरक्षेचे अपडेट जानेवारी २०१९ नंतर नाहीत. जुना ड्रायव्हर, जुनं विंडोज, त्यावर धंद्याचे मेल उघडायचे. मी तरी करणार नाही.

सोल्डर_अण्णा (मंगळवार, दुपारी १:०२)

हडपसरहून, काळजी रास्त आहे, मी नाकारत नाही. पण चार पोर्टचं कार्ड घेतलं तरी विंडोज तेच राहणार ना? तो प्रश्न अख्ख्या मशीनचा आहे, कार्डाचा नाही. साचेकार, मेल आणि व्हॉट्सॲपच्या फायली दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवून तपासून घे आणि या पीसीवर फक्त ड्रॉइंग आण. बॅकअप रोजचा.

मास्तर_निवृत्त (मंगळवार, दुपारी ३:४५)

धागा वाचून जुने दिवस आठवले. मी पॉलिटेक्निकला लॅब सांभाळत होतो. विंडोज एक्सपीवर आम्ही एक एजीपी आणि एक पीसीआय (तेव्हाचे दोन प्रकारचे स्लॉट) कार्ड, दोन वेगळ्या कंपन्यांची, लावून दोन मॉनिटर चालवायचो, मुलांना एका पडद्यावर कोड आणि दुसऱ्यावर त्याचा परिणाम दाखवायला. मग व्हिस्टा आलं आणि सगळं बंद. व्हिस्टाच्या नव्या ड्रायव्हर रचनेत सगळ्या कार्डांना एकच ड्रायव्हर पाहिजे अशी अट होती, दोन कंपन्यांची कार्डं घातली की एक बंद. २००९ साली विंडोज ७ आलं तेव्हा ती अट काढली. बरेच जण अजून "दोन कंपन्यांची कार्डं चालत नाहीत" म्हणतात ना, ती त्या तीन वर्षांची आठवण आहे. तेव्हा ते खरंच होतं.

साचेकार, एक प्रश्न कुणी विचारला नाही. तुमच्या बोर्डाच्या मागं जे व्हिडिओ पोर्ट आहेत त्यांचं काय केलंत? आय५-३४७० मध्ये इंटेलचं एचडी २५०० आहे.

साचेकार (मंगळवार, दुपारी ४:२०)

सर, मागं एक डीव्हीआय आणि एक व्हीजीए आहे. व्हीजीएच्या पिना वाकल्यात, एक तुटलीय. डीव्हीआयला मॉनिटर लावून बघितला, काही येत नाही. मी समजलो की तो भाग गेलाय.

मास्तर_निवृत्त (मंगळवार, दुपारी ४:३१)

गेलेला नसणार. स्लॉटात कार्ड दिसलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपणहून झोपवतात. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडायचा बोर्डाचा सेटिंगचा पडदा) जा, "इंटरनल ग्राफिक्स" किंवा "आयजीपीयू मल्टी मॉनिटर" अशा नावाचं काहीतरी असेल, प्रत्येक बोर्डावर नाव वेगळं. ते ऑटो असेल, एनेबल्ड करा. त्याच्याजवळच "इनिशियल डिस्प्ले" असेल, ते मात्र स्लॉटमधल्या कार्डावरच ठेवा, नाहीतर सुरुवातीचा पडदा भलत्याच मॉनिटरवर येईल आणि तुम्ही घाबराल.

इचलकरंजीकर (मंगळवार, संध्याकाळी ६:१५)

मास्तर सरांना नमस्कार. माझ्याकडं लूमच्या डिझाईनचं काम आहे, आमच्या पीसीत पण हीच सेटिंग होती, चार वर्षं आम्ही मागचं पोर्ट मेलं म्हणून त्याला टेप लावून ठेवली होती. आत्ता काढली. चालू आहे!!! 🙏

गडहिंग्लज_एसटी (मंगळवार, रात्री ८:५०)

माझा प्रश्न याच धाग्यात विचारतो, चालेल ना. माझ्या बोर्डावर लांब स्लॉट एकच आहे, बाकी ते बारके एक्स १ वाले. दुसरं कार्ड कुठं लावू? एकजण म्हणाला बारक्या स्लॉटची मागची भिंत गरम ब्लेडनं कापायची आणि लांब कार्ड तसंच बसवायचं.

सोल्डर_अण्णा (मंगळवार, रात्री ९:३०)

कापू नकोस. जमतं, मी स्वतः केलंय, पण ब्लेड घसरलं तर आतल्या पिना जातात आणि बोर्ड जातो. रायझर घे, म्हणजे कार्ड स्लॉटपासून लांब वायरीनं जोडायची पट्टी. क्रिप्टोची डिजिटल नाणी काढायच्या यंत्रांत यूएसबीसारख्या वायरीचे रायझर वापरायचे, तो धंदा बसल्यावर ते ढिगानं आले बाजारात. फक्त रायझरला वीज देताना साटा प्लगचं (हार्डडिस्कला वीज देतो तो) भान ठेव, त्याच्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट, त्यावर गेलं की प्लग वितळतो. ५४५० सारख्या १९ वॉटच्या कार्डाला काही अडचण नाही.

वेगाचं म्हणशील तर हिशोब सरळ आहे. फुल एचडीचा एक पडदा म्हणजे १९२० गुणिले १०८०, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, साधारण ८.३ एमबी. सेकंदाला ६० वेळा पूर्ण बदलला तर जवळपास ५०० एमबी. आणि दुसऱ्या पिढीचा पीसीआय एक्सप्रेस एक्स १ स्लॉट सेकंदाला ५०० एमबीच नेतो. म्हणजे एका कार्डावर तयार झालेला व्हिडिओ दुसऱ्या कार्डाच्या स्क्रीनवर पूर्ण पसरलास तर स्लॉट गच्च होणार आणि चित्र अडखळणार. पीडीएफ, एक्सेल, व्हॉट्सॲप यात सेकंदाला काय बदलतंय? कर्सर. मग स्लॉट रिकामाच. म्हणून स्थिर काम बारक्या स्लॉटवर आणि हलणारं काम लांब स्लॉटवर.

गडहिंग्लज_एसटी (मंगळवार, रात्री ९:४१)

अण्णा हे असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. रायझर घेतो.

व्हीनस_कॉर्नर (मंगळवार, रात्री १०:४०)

जुन्या कार्डांचा विषय निघालाय म्हणून लिहितो, विषयांतर वाटलं तर माफी असावी. शाहूपुरीत आमचं दुरुस्तीचं दुकान. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी इतक्या वेगानं आलं की आम्ही गिऱ्हाइकांची मशीनं वर हलवली आणि आपली राहिली. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर कपाटात चिखलाचा थर, त्याखाली चाळीसेक कार्डं. वडील म्हणाले भंगारात घाल. मला सोडवेना.

घरातल्या टबात आधी साध्या पाण्यानं चिखल सोडवला, मग डिस्टिल्ड वॉटरनं धुतली, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल मारून मऊ ब्रशनं प्रत्येक पिनेमधनं घाण काढली. हीटसिंक काढून, पंखे वेगळे करून. पंखे बहुतेक गेले, बेअरिंगमध्ये माती. पंधरा दिवस पंख्याच्या वाऱ्यात सुकवली, उन्हात नाही. मग एकेक लावून बघितलं. निम्म्याहून जास्त चालू झाली. विनापंख्याची, नुसत्या हीटसिंकवाली होती ती सगळ्यात जास्त वाचली. वीज चालू नसताना पाण्यात गेलेलं कार्ड लगेच मरत नाही, ओलं असताना चालू केलं की मरतं.

जुलै २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो, सगळं माळ्यावर. पण त्या धुतलेल्यांतली दोन अजून आमच्या काउंटरच्या पीसीत आहेत, एक एन्व्हिडिया, एक एएमडी, तीन स्क्रीन. साचेकार म्हणतायत ना, चालतात ती कार्डं कपाटात का ठेवायची, मला ते मनापासून पटलं.

अल्बमवाली (मंगळवार, रात्री ११:०२)

व्हीनस_कॉर्नर, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या एका गिऱ्हाइकाचा लग्नाचा सगळा डेटा त्याच पुरात गेला होता, नशिबानं माझ्याकडं कॉपी होती. त्या बाई फोनवर रडल्या होत्या.

तांबडा_पांढरा (मंगळवार, रात्री ११:१०)

भावा नाद खुळा. चाळीस कार्डं हातानं धुतलीस. 🙏

हडपसरहून (बुधवार, सकाळी ८:०५)

मान्य, हे वाचून माझं मत थोडं मऊ झालं. पण साचेकार, एक खरी अडचण सांगतो जी पुण्यात बसून मलाही दिसते. वर्कशॉपमध्ये धूळ किती असेल? दोन कार्डं एकमेकांना खेटून, त्यात ५४५० बिनापंख्याचं. एप्रिल-मेमध्ये काय होणार?

साचेकार (बुधवार, सकाळी ९:२०)

धूळ आहेच. आमच्याकडं लाकडाचा भुसा, आणि शेजारी मशीनशॉप, तिथनं बिडाचा बारीक चुरा येतो. तो पंख्याच्या चुंबकाला पण चिकटतो. केबिनला दार आहे पण दिवसभर उघडंच. कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करतो महिन्यातनं एकदा.

सोल्डर_अण्णा (बुधवार, सकाळी ९:४८)

थांब थांब. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा पीसीवर मारू नकोस!! त्या हवेत पाणी असतं आणि तेल असतं, आणि बिडाचा चुरा वीज वाहतो. ओला चुरा पिनांवर बसला तर शॉर्ट. साधा हातातला ब्लोअर वापर, पीसी बाहेर मोकळ्यात नेऊन. आणि हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेव, जोरात फिरला तर तोच उलटी वीज तयार करतो.

कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यावर जुन्या सुती साडीचा एकपदरी तुकडा ताणून लाव, दर शनिवारी धुवायचा. पुढनं हवा आत येणारी जास्त आणि मागनं जाणारी कमी ठेवलीस की फटीफटीतनं धूळ ओढली जात नाही. बिनापंख्याच्या कार्डासमोर ८० मिलिमीटरचा एक पंखा केबल टायनं बांध, तेवढं पुरे. विजेचं टेन्शन नको, फर्मीवालं ७३० म्हणजे ४९ वॉट, ५४५० म्हणजे १९, दोन्ही स्लॉटमधनंच वीज घेतात.

साचेकार (बुधवार, रात्री १०:३०)

अण्णा, कॉम्प्रेसर बंद आजपासून. साडीचा तुकडा आईनं दिला, इरकल आहे 😀

आता प्रगती सांगतो. २१० काढलं. नेट काढलं, सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवून एन्व्हिडियाचं सगळं पुसलं. ३९१.३५ टाकला. मास्तर सरांनी सांगितलेली सेटिंग बायोसमध्ये सापडली, चालू केली, आणि मागच्या डीव्हीआयवर १९ इंची जिवंत झाला! म्हणजे कार्ड न वाढवताच तीन स्क्रीन. दोन मोठे ७३० वर.

मग ५४५० दुसऱ्या स्लॉटात. नेट जोडल्यावर विंडोजनं त्याचा ड्रायव्हर स्वतःच शोधून टाकला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेल, एन्व्हिडिया, एएमडी तिन्ही नावं एकाखाली एक, एकही त्रिकोण नाही. अर्धा मिनिट नुसतं बघत बसलो.

अडकलंय फक्त चौकोनी मॉनिटरवर. ५४५० च्या व्हीजीएची पट्टी माझ्याकडं नाही, ती लहान कॅबिनेटसाठी काढलेली होती मित्रानं. उरलंय डीव्हीआय. दुकानातनं डीव्हीआय ते व्हीजीए प्लग आणला, तो बसतच नाही. दुकानदार म्हणतो जोर लावा.

व्हीनस_कॉर्नर (बुधवार, रात्री १०:४४)

जोर अजिबात लावू नका! कार्डावरचं डीव्हीआय नीट बघा. आडव्या चपट्या फटीभोवती चार छोटी भोकं आहेत का? असतील तर ते डीव्हीआय-आय, त्यातनं ॲनालॉग बाहेर येतं आणि साधा प्लग चालतो. भोकं नसतील तर डीव्हीआय-डी, नुसतं डिजिटल. प्लगच्या त्या चार पिना जाणार कुठं?

साचेकार (बुधवार, रात्री १०:५०)

चार भोकं नाहीत. नुसती फट.

व्हीनस_कॉर्नर (बुधवार, रात्री १०:५७)

मग तो प्लग परत करा. ५४५० ला एचडीएमआय आहे ना? एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर घ्या, आत चिप असलेला. नाहीतर १९ इंचीला डीव्हीआय आहेच, तो ५४५० वर न्या आणि मागच्या बोर्डाच्या डीव्हीआयची चार भोकं तपासा. बोर्डावर बऱ्याचदा डीव्हीआय-डीच असतं, पण बघायला काय जातंय.

मास्तर_निवृत्त (गुरुवार, सकाळी ६:५०)

आणि कन्व्हर्टर लावल्यावर चौकोनी पडदा १२८० बाय १०२४ वर आणि ६० हर्ट्झवरच ठेवा. जुने १७ इंची ७५ वर पण चालतात म्हणून विंडोज कधीकधी ते निवडतं, मग अक्षरांच्या कडा थरथरतात. मॉनिटरवरचं ऑटो बटण एकदा दाबा.

अल्बमवाली (गुरुवार, सकाळी ७:२२)

चौकोनी मॉनिटरवर पीडीएफ ठेवा साचेकार, व्हॉट्सॲप नको. ड्रॉइंगचा कागद त्या आकाराला जास्त जवळचा असतो, रुंद स्क्रीनवर दोन्ही बाजूंना जागा फुकट जाते. आणि डोळ्यांच्या उंचीवर घ्या, मान वर करून बघायची सवय लागली की खांदे जातात. मी भोगलंय.

साचेकार (शनिवार, संध्याकाळी ७:१५)

मंडळी, चारही चालू. बोर्डाच्या डीव्हीआयला पण भोकं नव्हती, म्हणून चिपवाला कन्व्हर्टर आणला. चौकोनी कॅडच्या डाव्या हाताला, ताईंनी सांगितल्याप्रमाणे पीडीएफ त्यावर. १९ इंचीवर मेल आणि व्हॉट्सॲप. एक्सेल उजवीकडं. हडपसरहून, फायली आधी लॅपटॉपवर तपासतोय, बँक पूर्ण बंद या मशीनवर. विंडोजचं पुढं काय करायचं त्यावर वेगळा धागा काढीन, तेव्हा तुम्ही पाहिजेच.

आज पहिल्यांदा एका पंपाच्या बॉडीचं ड्रॉइंग या सेटअपवर केलं. वडील पाठीमागं येऊन उभे राहिले, पीडीएफवर बोट ठेवलं, मग कॅडवर ठेवलं, म्हणाले ही जाडी आणि ही जाडी एकच आहे ना. हो म्हटलं. म्हणाले मग घाल मशीनवर.

जीटी २१० चांगलं चालू आहे, कुणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.

गडहिंग्लज_एसटी (शनिवार, संध्याकाळी ७:३१)

मला द्या. माझ्या मशीनमधलं मुख्य कार्ड एएमडीचंच आहे. सोमवारी कोल्हापुरात येतोय, रायझर पण घ्यायचाय.

सोल्डर_अण्णा (शनिवार, संध्याकाळी ७:४०)

ड्रायव्हर ३४२.०१, विसरू नकोस. आणि नेटची वायर काढून.